कॅप्टन साबळेंचा फोन

कॅप्टन साबळे घरी असले की सकाळीच दाढी करून, बुटांना पॉलिश मारून दारापुढच्या ओट्यावर मेथी निवडत बसत. अंगात बनियन, खाली गणवेशाची इस्त्रीची पँट. "फोन आला तर दाढीत टाइम नको जायला," असं म्हणत.

बजाजनगरात ते आमच्या समोर राहत. मालवाहू विमानांच्या एका छोट्या कंपनीत कंत्राटी वैमानिक. विमान भाड्याचं, माल दुसऱ्याचा आणि कॅप्टन तीन-तीन महिन्यांच्या करारावर. माल देणाऱ्यांनी कंपनी बदलली की विमान उभं आणि कॅप्टन मेथीला. "काय कॅप्टन, सुट्टी का?" असं कुणी विचारलं की म्हणत, "सुट्टी विमानाला हाय. मी ड्युटीवरच."

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि जगातला कुठलाही अन्याय अर्ध्या पानात बसतो अशी माझी खात्री होती. वडिलांच्या युनियनच्या पत्रकांवरच मी अक्षरं गिरवली होती. वाळूजच्या कारखान्यांच्या फाटकांवर कंत्राटी कामगारांपुढे भाषणं करायचो. घरासमोरच कंत्राटी वैमानिक सापडल्यावर मला राहवेना. 'आकाशातले वेठबिगार' असं पत्रक लिहिलं. शेवटी बेमुदत संपाची हाक.

साबळेंनी ते मेथीच्या जुडीवर ठेवून वाचलं.

"लई जबरी लिवलंय. पण विमान तर महिन्यापासून उभंच हाय. आमी संपावर गेलो हे कंपनीला कळणार कसं?"

"मग मुकाट बसणार तुम्ही?"

"मुकाट कुठं? तुझ्याशी बोलतोय की. आन् ते वेठबिगार खोड, बाबा. माझ्या आईला वाचता येतं."

फार दिवस उड्डाण झालं नाही की वैमानिकाला पुन्हा चाचणी द्यावी लागते, आणि ज्याच्याकडे नोकरीच नाही त्याला चाचणीला बोलावणार कोण? ते म्हणत, "हात विसरत नाय रे. कागद विसरतो." हे सांगताना मात्र हसत नसत.

मी हार मानणारा नव्हतो. नवी घोषणा सुचली की लगेच त्यांना फोन करायचो. एकदा ते रस्ता ओलांडून आले.

"तू समोर राहतोस ना? हाक मार. फोन नको करू. फोन वाजला की आई देवापुढं जाऊन उभी राहती."

त्यानंतर क्रांती मी हाका मारूनच केली.

अखेर एका सकाळी खरा फोन आला. शारजाची कंपनी, तीन महिने. साबळे ओट्यावरूनच ओरडले, "पोरा, आला!" मी अनवाणीच स्कूटरवर बसलो, औरंगपुऱ्यातून पेढे आणले आणि गल्लीभर वाटले. पाळीवरून येणाऱ्यांनाही थांबवून दिले.

दुसऱ्या दिवशी रिक्षात बसताना कॅप्टन म्हणाले, "माझं काम झालं म्हणून तुझं पत्रक खोटं होत नाय. छाप. फक्त संपाचं तेवढं विमान उडत असताना लिव."

त्या संध्याकाळी फाटकावर माझी सभा होती. कंत्राटी पद्धत गाडून टाका, असं मी गरजलो. मागून आमच्या गल्लीतल्या एका कामगारानं विचारलं, "दादा, काल पेढे कशाचे वाटले?"

"तीन महिन्यांच्या कंत्राटाचे," मी म्हणालो आणि हशाची वाट पाहिली.

कुणीच हसलं नाही. सगळे कंत्राटीच होते.

"पुढं वाढवून देतील का पण त्यांना?" त्यानं विचारलं.