सलोमीची आई

जळकोटला हमरस्त्यापासून थोडं आत, ओढ्याच्या अलीकडं ख्रिस्ती लोकांची चार घरं होती. त्यातलं कडेचं शमुवेल मास्तरांचं. मास्तर दिवसा शाळा घ्यायचे आणि संध्याकाळी पत्र्याच्या प्रार्थनाघरात भक्ती. बायको सारजाबाई लग्न होऊन आली तेव्हा तिला अक्षर ठाऊक नव्हतं. मास्तरांनी चुलीपुढं राख पसरून तिच्याकडून मुळाक्षरं गिरवून घेतली. पुढं तिनं तशीच ती लेकीकडून गिरवून घेतली. सलोमी एकुलती एक. शिकून सोलापूरच्या दवाखान्यात नर्स व्हायला गेली, तेव्हा चारही घरांनी तिला वेशीपर्यंत पोचवलं होतं.

सत्तावन्न सालच्या डिसेंबरात, जोंधळ्याची कणसं निसवायला लागली तेव्हा, सलोमी सोलापुरातच विषमज्वरानं गेली. एकोणीस वर्षांची पोर. एका मालट्रकवाल्यानं तिला आणि तिला आणायला गेलेल्या मास्तरांना हमरस्त्यावर आणून सोडलं, आणि तो पैसे न घेताच पुढं निघून गेला. ओढ्यापलीकडं बाभळीखाली तिला माती दिली.

त्यानंतरचे दिवस सारजाबाईला नीट आठवतही नव्हते. दिवस उगवतो न उगवतो तोच कलायचा. घरात अंधार साचला तरी ती दिवा लावायची नाही. तिसऱ्या दिवशी मास्तर प्रार्थनाघरात उभे राहिले आणि नेहमीच्याच शांत आवाजात म्हणाले, "मरण हा शेवट नव्हे. प्रभू आपल्या माणसांना उठवणार आहे." बायकांत बसलेल्या सारजाबाईच्या डोक्यात सणक गेली.

घरी आल्यावर ती म्हणाली, "पोटची पोर मातीत गेली आन् तुमचा आवाज सुद्दा हलंना. काळीज हाय का दगूड?"

मास्तरांनी ताटातली भाकरी अर्धी टाकली, हात धुतला आणि ओसरीवर जाऊन बसले. त्या दिवसापासून ती भक्तीला जाईना. नवरा-बायकोत 'जेवा' आणि 'झालं' एवढंच बोलणं उरलं.

ओढ्याच्या काठाला विठाबाईचं रान होतं. ती काही ख्रिस्ती नव्हती, पण सलोमीला तिनं कडेवर खेळवलं होतं. रोज सकाळी तांब्याभर दूध घेऊन यायची आणि न बोलता जवळ बसून राहायची. एक दिवस म्हणाली, "सारजे, मास्तरांकडं बघ जरा. तांबडं फुटायच्या आत वड्याकडं जातेत, अंगावर निस्ता सदरा. असल्या हिवात माणूस टिकंल व्हय?"

"सदरा? आन् घोंगडी?"

"घोंगडी न्हाय दिसली बाई मला."

दुसऱ्या दिवशी ओसरीवरची कडी वाजली तशी सारजाबाई उठली आणि मागोमाग निघाली. गवतावर दहिवर पडलं होतं, पाय बधिर झाले. बाभळीपाशी आली आणि थबकली. कबरीवर मास्तरांची काळी घोंगडी पसरलेली होती. चारी कोपऱ्यांना दगड ठेवले होते. मास्तर वाकून एकेक दगड उचलत होते, आणि थंडीनं त्यांची बोटं वळत नव्हती.

"हे काय करलालात?"

मास्तर दचकले. चोरी पकडल्यासारखे उभे राहिले. मग म्हणाले, "ती तिथं न्हाय, हे मला ठाऊक हाय, सारजा. रोज लोकांना तेच सांगतो. पण भक्ती झाली, गार वारं सुटलं, की हात ऐकत न्हाईत. पांघरून जातो, आन् उजाडायच्या आत काढून नेतो. लहानपणी किती कुडकुडायची ती." एवढं बोलून ते मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. वीस-बावीस वर्षांच्या संसारात सारजाबाईनं त्यांना असं पहिल्यांदाच पाहिलं.

ती शेजारी टेकली. त्यांचेच शब्द तिच्या तोंडी आले. "उठंल ती. तुमीच सांगितलं न्हवं?" म्हणताना तिचा स्वतःचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता. पण मास्तरांनी तिचा हात घट्ट धरला, आणि तो हात धरलेला असेपर्यंत तरी ते शब्द तिला खरे वाटले.

नाताळला चार घरांतली माणसं प्रार्थनाघरात जमली, सारजाबाईही आली. मास्तर उभे राहिले. "अंधारात बसलेल्यांसाठी..." म्हणाले आणि पुढं शब्दच फुटेना. कंदिलाची वात फडफडली. कुणी खोकलं. मग बायकांतून सारजाबाई उठली. पदर डोक्यावरून सावरत म्हणाली, "अंधारात बसलेल्यांसाठी देव स्वतः आला. लेकरू होऊन आला. त्याच्या आईनंबी पुढं त्याला मेलेलं बघितलं. पण तेवढ्यावर ते संपलं न्हाय. मला याच्याहून जास्त ठाऊक न्हाय." आणि ती खाली बसली. त्या दिवशी भक्ती एवढीच झाली.

दुःख काही हललं नाही. सोलापूरकडनं एसटी आली की सारजाबाईची नजर आपसूक दाराकडं जायची, ते शेवटपर्यंत. मास्तरांचा आवाज मात्र पुन्हा पहिल्यासारखा सरळ झाला नाही. बोलता बोलता अडायचे, आणि लोक थांबायचे. सारजाबाई मग गावात कुठंही मयत झाली, कुणाचीही, तरी जाऊन बसू लागली.

बासष्टच्या हिवाळ्यात विठाबाईचा नवरा गेला. दहाव्यानंतर पाव्हणेरावळे पांगले. सारजाबाई दूध घेऊन गेली आणि भिंतीला टेकून बसली. बऱ्याच वेळानं विठाबाईनं विचारलं, "सारजे, पोरगी परत भेटंल म्हनतीस. खरंच भेटंल का गं?"

सारजाबाई म्हणाली, "म्या कुठं बघून आलीय, विठाबाई? पण प्रभूनं सांगितलंय. म्या वाट बघती."

विठाबाईनं डोळ्याला पदर लावला. अंगणात ऊन आलं तसं सारजाबाई उठली, चूल पेटवली आणि दोघींपुरता चहा ठेवला.