बंगईची पाठ

मोबाइलवर दाजींचा नंबर दिसला आणि मी फोन वाजू दिला. ऑफिसात समोर माणसं बसली होती, हे खरं. पण दाजी काय विचारणार ते मला ठाऊक होतं, हे त्याहून खरं. ‘या रविवारी येऊन राह्यलास का न्हाई?’ फोन पुन्हा वाजला. उचलला, तर आवाज ताईचा. तिला वाक्य पुरं करता येईना... सकाळचा चहा घेता घेता दाजी गेले होते. जालन्याहून घनसावंगीला पोहोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. पहिल्यांदा फोन वाजला, तोही तिनंच केलेला होता.

दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या पत्र्याच्या खोलीत लाकडावर नक्षी कोरणारं यंत्र बांधायला घेतलं. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं आणि यंत्रानं ते फळीत उतरवायचं. सीएनसी राउटर म्हणतात त्याला. तयार मिळतं, पण दाजींना ते आपल्या हातानं उभं करायचं होतं. जालन्याच्या भंगार बाजारातून गज आणि पट्ट्या मी शोधून न्यायचो, मोटारी कुरियरनं यायच्या, आणि रविवारी आम्ही दोघं जोडायला बसायचो. वायरिंग माझ्याकडे होतं. शेजारीपाजारी डोकावून विचारायचे, “मास्तर, गिरणी टाकून राह्यले का?” दाजी मान वर न करता सांगायचे, “हौ. पण लाकूड दळायची. बाजरी आणू नका.”

पहिलं वर्तुळ कोरलं ते लांबट आलं. “दाजी, हे तर वांगं झालं,” मी म्हणालो. “भरून खा मंग!” मोटार आणि आट्यांचा दांडा यांना जोडणारी कडी ढिली होती, त्यामुळे दिशा बदलताना दांडा जरा उशिरा फिरायचा. एवढं कळायला आमची दुपार गेली. कडी आवळली, वर्तुळ गोल आलं, आणि दाजी ती चकती दोन्ही हातांत धरून ताईला दाखवायला गेले. ताई ओसरीत बंगईवर बसली होती. चार साखळ्यांना टांगलेली नुसती फळी ती, मागं टेकायला काही नाही. “चकतीचं काय करू मी?” ताई म्हणाली. “माझी पाठ दुखून राह्यली. या बंगईला टेकायला काहीतरी करा, मंग मानीन तुमच्या मशीनला.”

दाजी लगेच चित्र काढायला बसले. सागाची रुंद फळी आणि तिच्यावर दारातल्या कारल्याचा वेल. “कमळ सोडून कारलं?” ताई चिडली. दाजी म्हणाले, “रोज त्याच्याच सावलीत बसती ना तू.”

यंत्राच्या लोंबत्या वायरी ताईला आवडत नसत. म्हणून मी सगळ्या वायरी गोळा केल्या आणि एकाच नळीतून नीट बांधून नेल्या. फार देखणं काम झालं होतं. त्यानंतर यंत्र कोरता कोरता मधेच थांबायला लागलं. आपला सांगाडाच वाकडा आहे, असं दाजींनी धरलं. सगळं खोललं, पुन्हा जोडलं, पुन्हा खोललं. मीही मान डोलावत स्क्रू काढत होतो. शेवटी त्यांनी सहज कोरणाऱ्या मोटारीची जाड वायर नळीबाहेर ओढून लांब धरली, आणि यंत्राचं मधेच थांबणं बंद झालं! त्या वायरीतल्या करंटची बाधा शेजारच्या बारीक वायरींना व्हायची आणि यंत्राला वाटायचं, आपण कडेला धडकलो. मी ओशाळलो. दाजी पोट धरून हसले. “पाव्हणं, लई टापटीप केली तुम्ही. भाऊबंद हाईत ते, जरा अंतर ठेवा त्यांच्यात!”

आता वेल कोरायचाच बाकी होता, आणि नेमकं तेव्हाच माझं जाणं कमी झालं. कारण सांगण्यासारखं काही नाही. ऑफिस, दमणूक, घरची कामं... ‘पुढच्या रविवारी नक्की’ असं मी म्हणत राहिलो. दाजींनी एकट्यानंच सुरुवात केली. अर्धा वेल झाला आणि वीज गेली. अशा वेळी सुरुवातीची जागा यंत्राला नव्यानं दाखवावी लागते. कोरणाऱ्या पात्याचं टोक फळीच्या कोपऱ्यातल्या खुणेवर आणायचं, मग एकानं बटण दाबत ते हळूहळू खाली घ्यायचं आणि दुसऱ्यानं खाली कागद सरकवत राहायचं; कागद अडकला की थांबायचं. चुकलं तर आधीची नक्षी फाटते. दाजी हे एकट्यानंही करायचे. पण या वेळी फोनवर म्हणाले, “तुझ्या ताईचं काम हाय, धोका घ्यायचा न्हाई. तू ये, मंगच लावू.” मी गेलो नाही. माझी वाट बघतच ते गेले, असं मी म्हणालो तर ताई रागावते. पण फळी यंत्रावर तशीच अर्धी होती.

मागच्या महिन्यात ताईच म्हणाली, “ती पुरी कर.” मी म्हणालो, “बिघडली तर? आपण नवी फळी लावू, सगळा वेल पहिल्यापासून कोरू.”

“नवी कशाला? ही त्यांनी लावल्ती.”

“ताई, माझ्यानं फाटली तर...”

“फाटली तर फाटली. अशी अर्धी न्हाई बघवत मला.” तिनं कागद घेतला आणि पात्याखाली धरला. मी बटणावर बोट ठेवलं. “ये अजून,” ती कागद पुढं-मागं करत होती. “ये... ये... बस! अडकला.”

वेल पुरा झाला. फाटला नाही. फक्त माझ्या भागातली पानं किंचित खोल गेली, आणि दोन्ही भाग जिथं मिळतात तिथं केसाएवढी पायरी राहिली. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागते. मी पॉलिश पेपर काढला. ताई म्हणाली, “घासू नको.”

फळी बंगईला पाठ म्हणून बसवली. आता ताई तिला टेकून बसते, तेव्हा आधी एक हात मागं नेऊन पानांवरून बोट फिरवत राहते. ती पायरी सापडली की मग पायानं हलकेच झोका घेते.