पुढील वाटचालीस शुभेच्छा

पुण्याला एका प्रशिक्षणाला जाऊन आलो आणि माझ्या अंगात नेता संचारला. नव्या शतकाची पहिलीच वर्षं होती. जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका खत-औषधाच्या दुकानावर आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, थोडे संगणक, माझ्या हाताखाली तीन पोरं आणि एक पंखा. तो फिरता होता, पण अडकला की नेमका माझ्याच बाजूला अडकायचा. मी तो कधी दुरुस्त करून घेतला नाही.

प्रशिक्षणात एका बाईंनी सांगितलं होतं की नव्या पद्धतीत साहेब हा साहेब नसतो, टीमचा सेवक असतो. कागदापेक्षा माणूस मोठा. काम लहान लहान तुकड्यांत करायचं आणि रोज सकाळी सगळ्यांनी उभ्या उभ्याच सांगायचं, काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय. ह्याला अजाईल म्हणतात. मला ते इतकं पटलं की दुसऱ्याच दिवशी पोरांना उभं केलं. मी स्वतः बसायचो, कारण माझी कंबर धरते. एकदा खालचा दुकानदार वर पाणी प्यायला आला. तिघांना माझ्या टेबलापुढं रांगेत उभं पाहून म्हणाला, "काय चुकलं लेकरांचं? बसू द्या की साहेब, एवढ्या उन्हाचं." मी त्याला अजाईल समजावून सांगायला घेतलं, तर तो पाणी न पिताच खाली गेला.

"कुठं अडलंय?" असं मी रोज विचारायचो आणि तिघंही रोज सांगायचे, "कुठंच न्हाई सर, सगळं बराबर हाय." बसलेल्या माणसापुढं उभं राहून आपलं अडलेलं सांगायचं नसतं, एवढं आमच्याकडं प्रत्येक जण शाळेतच शिकतो. मला मात्र वाटायचं, काय टीम आहे! कुणाचं काही अडतच नाही.

तेव्हा आमच्याकडं एकच मोठं काम होतं, एका बियाण्याच्या कंपनीच्या गोदामाचं. कोणतं बियाणं आलं, कोणतं गेलं, कुठल्या दुकानदाराला गेलं, सगळं संगणकावर. मृगाआधी बियाण्याची विक्री जोरात सुरू होते. तेव्हा हे धड चाललं नाही तर काम दुसऱ्याला देईन, असं मालकानं तोंडावर सांगितलं होतं. काम गेलं असतं तर आमचं ऑफिसच बंद पडलं असतं आणि खालच्या दुकानदाराला पोती ठेवायला वरच्या दोन खोल्या मिळाल्या असत्या.

गोदामाचा भाग बघायचा तो तिघांतला सगळ्यात अबोल पोरगा, तीर्थपुरीचा. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, वडलांनी शेती धरली आणि ह्यानं संगणक. विचारलं तर बोलायचा, नाही विचारलं तर दिवसभर गप्प. सकाळच्या त्या प्रश्नाशिवाय मी विचारायचो ते एवढंच, "काय राह्यलं?"

प्रशिक्षणातलं आणखी एक वाक्य माझ्या मनात घर करून बसलं होतं. माणसाला पगारापेक्षा कौतुक जास्त लागतं. हे वाक्य मला भलतंच आवडलं, कारण पगार वाढवणं माझ्या हातात नव्हतं. गोदामाच्या मालकाचा फोन आला होता, काम झकास चाललंय, लाइट गेली-आली तरी अडत नाही म्हणून. तेव्हा म्हटलं, पहिलं कौतुक ह्याच पोराचं करू.

पण कौतुक करायचं कसं, ते काही पुण्यात शिकवलं नव्हतं. माझे वडील अंबडला कचेरीत कारकून होते. त्यामुळं कौतुकाचे कार्यक्रम मी लहानपणापासून पाहिलेले, आणि सगळे एकाच साच्यातले. शाल, हार, भिंतीवरचं घड्याळ, सगळ्यांचा मिळून एक फोटो, पेढा-चिवडा आणि भाषण. भाषण तर मला तोंडपाठ होतं. अशा कार्यक्रमाला घरच्यांनाही बोलावतात, तसं मीही पोराच्या वडलांना शनिवारी बोलावून घेतलं. ते धुतलेलं धोतर नि पांढरी टोपी घालून आले आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसले.

मी उभा राहिलो. (त्या दिवशी कंबर दुखली नाही.) म्हणालो, यांच्या मोलाच्या योगदानाचा आम्हाला कधीही विसर पडणार नाही. यांनी आपल्या मनमिळाऊ स्वभावाने सर्वांना आपलेसे केले. यांचे पुढील आयुष्य सुखासमाधानाचे जावो, पुढील वाटचालीस शुभेच्छा. वडील टोपीच्या टोकानं डोळे पुसत होते. पोरगा माझ्या पाया पडला. फोटो झाल्यावर त्यानं आपलं टेबल पुसलं, ऑफिसची किल्ली माझ्यापुढं ठेवली आणि घड्याळ काखेत मारून वडलांबरोबर गेला. "बघा," मी उरलेल्या दोघांना म्हणालो, "प्रेरणा मिळाली की माणूस कसा नीटनेटका होतो." ते दोघं एकमेकांकडं बघत राहिले.

सोमवारी पोरगा आला नाही. मंगळवारीही नाही. दोघांना विचारलं तर, "आम्हाला काय म्हाईत सर." माझी खात्रीच पटली. पुण्याच्या कुणीतरी पळवला! मीच चारचौघांत त्याचं कौतुक करून त्याचा भाव वाढवला. मनातल्या मनात त्याला चार शिव्या घातल्या. तेवढ्यात गोदामातून फोन आला. विक्री सुरू झाली होती आणि संगणकावर बिलांची गाडी एका जागी अडली होती. ती कशी सोडवायची, ते त्या पोराशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. तसाच उठलो, अंबडची एसटी धरली, तिथून तीर्थपुरीची. वाटेत त्याला काय काय सुनवायचं ते घोकत राहिलो.

वडील पत्र्याच्या सपरात बसले होते. मला बघून लगबगीनं उठले, बाज टाकली, पाणी दिलं. आत भिंतीवर आमचं घड्याळ चालू होतं.

"लई भारी घड्याळ दिलं साहेब," ते म्हणाले. "असा निरोप नशिबानं भेटतो. त्याच्या जागी दुसरा आणला का?"

"निरोप? मामा, त्याला काढलं कोणी?"

"आता बघा, आमच्या हेडमास्तरला बी असंच केल्तं. शाल, घड्याळ, फोटू. अन् तुम्ही तर पुढच्या आयुष्यासाठी बोललात. मला रडूच आलं. अजून लगीन न्हाई झालं पोराचं, अन् रिटायर झालं."

मी हसलो. मोठ्यानं हसलो. ते हसले नाहीत, म्हणून मग मीही थांबलो.

पोरगा शेतात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या वेचायला गेला होता. तिकडं जाऊन त्याला सगळा घोळ समजावून सांगितला. त्यानं ऐकून घेतलं, मान हलवली, पण येतो म्हणाला नाही. मला स्टँडवर सोडायला मात्र आला. तिथं माझा ताबा सुटला. "अरे, पण विचारायचं तरी! रोज सकाळी विचारतो ना मी, कुठं अडलं म्हणून?"

"सर," तो खाली बघत म्हणाला, "वरीसभर तुम्ही एक डाव बी बरं म्हणले न्हाईत. अन् एकदम येवढं गोड बोललात. मंग वळखलं, की आपलं संपलं."

घोकून आणलेलं सगळं वाया गेलं. फार वाईट वाटलं, आणि लाजही वाटली. आपल्याकडं माणसाचं चांगलं बोलायचं ते एक तर तो निवृत्त झाल्यावर, नाही तर तिरडी उचलताना. त्यानं लावलेला अर्थ अगदी बरोबर होता. मी घाईघाईनं म्हणालो, "तुझं काम चांगलं आहे रे. खरंच चांगलं आहे."

"कोणतं, सर?"

टोमणा नव्हता त्यात. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी तोंड उघडलं. "गोदामाचं."

"गोदामाचं काय?"

एवढ्यात अंबडची गाडी लागली. चढून सुटका करून घ्यावी, असं मला मनापासून वाटलं. पण गोदाम डोळ्यांसमोर आलं आणि मग समोरचा पोरगाही दिसला. गाडी सोडली. म्हणालो, "मला माहीत नाही. तू सांग."

आम्ही कट्ट्यावर बसलो. आधी तो अडखळत बोलला. गोदामात लाइट गेली की अर्धवट लिहिलेलं बिल पुसलं जायचं, हमाल पोतं पाठीवर घेऊन उभे राहायचे आणि सगळं पहिल्यापासून लिहावं लागायचं. "मंग मी असं केलं, की लाइट आली की जिथं थांबलं तिथंच उघडतं." मालकाचा तो शाबासकीचा फोन ह्याच्यासाठीच होता. मी तो ऐटीत घेतला होता आणि मनात म्हटलं होतं, त्यांनी इन्व्हर्टर चांगला बसवलेला दिसतोय.

"पण कसं केलंस?" मी विचारलं. त्यानं काडीनं मातीत रेघा ओढल्या. मला निम्मंच कळलं, पुन्हा विचारलं. तो पुन्हा सांगू लागला, आणि ह्या वेळी माझ्याकडं बघून. हे करताना तो कितीदा चुकला, कुणाला न सांगता गोदामात जाऊन कसा बसायचा, लाइट कधी जाते त्याची कशी वाट बघायचा. वर्षभरात जेवढा बोलला नव्हता तेवढा बोलत होता.

पुढची गाडी आली तरी त्याचं संपलं नव्हतं. बोलता बोलता तोच माझ्याआधी चढला. पायात शेतातली चप्पल, हातात पिशवी नाही, घरी सांगितलेलंही नाही. खिडकीपाशी सरकून त्यानं मला जागा केली आणि म्हणाला, "या की सर, अजून सांगायचं राह्यलंय."