गालिचा उखडणारा

गालिचे बनवणाऱ्या एका कंपनीच्या शेअरमध्ये माझ्या दलालाने मला फसवलं. तरी माझं घर वाचलं, ते मार्केट यार्डाजवळच्या माझ्या ऑफिसात गालिचे बसवणाऱ्या माणसामुळे.

हा चपला बाहेर काढतो आणि गुडघ्यांवरच खोलीभर फिरतो. मजुरीत घासाघीस केली की वाद घालत नाही, हत्यारं पिशवीत भरायला लागतो. शेवटी मीच हरतो.

घर गहाण टाकून त्या कंपनीचे आणखी शेअर घेणार, असं मी त्याला फुशारकीने सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने गालिच्याचा एक तुकडा आणला. उलटा करून नखाने ओढला, तर पाठ सोलून निघाली.

"तुमच्या कंपनीचा माल. तीन हॉटेलांतून उखडलाय, वर्षाच्या आत."

"शेअर बाजारातलं तुम्हाला काय कळतं हो?" मी ओरडलो.

"काहीच नाही, शेठ. माझं उखडायचं काम मात्र वाढलंय."

मी घराचे कागद परत कपाटात ठेवले. दिवाळीपर्यंत तो शेअर मातीमोल झाला.

आता त्याने सांगितलेली मजुरी मी निमूट देतो. हा मान दुसऱ्या कुणाला नाही.

दलालाला मात्र जाब द्यावाच लागेल. अहो, मला "घ्या, घ्या" म्हणत होतात, तेव्हा स्वतःचे शेअर का विकत होतात?