थोरल्या जावेची वेणी

कल्पना करा, तुमच्यासमोर काचेच्या सहा नळ्या आहेत. प्रत्येकीत एकेक गोळी टाकायची, नळ्यांची टोपली अंगाइतक्या कोमट पाण्यात सोडायची आणि बटण दाबायचं. टोपली वर-खाली होत राहते, म्हणून प्रयोगशाळेत सगळे तिला पाळणा म्हणतात. तुम्ही फक्त बघत राहायचं. आधी गोळीच्या कडा झिजतात, मग रंग सुटतो, मग ती एकदम विस्कटते. ठरलेल्या वेळेत सगळ्या विस्कटल्या की अर्धं काम झालं. दुसऱ्या यंत्रावर आतलं जीवनसत्त्व बाटलीवर लिहिलंय तेवढं आहे ना, ते बघायचं. आहे? मग मारा शिक्का. पास.

बाटलीवर मोठ्या अक्षरात ‘दाट केसांसाठी’ असंही लिहिलेलं असतं. ते खरं आहे का, हे मात्र तुम्हाला कोणी विचारत नाही. तो प्रश्न या टेबलाचा नाहीच. मग कोणत्या टेबलाचा, हे धाकटीने कधी विचारलं नव्हतं.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी सून. गोळ्यांच्या कारखान्यात तपासनीस. तपासणीसाठी फोडलेल्या बाटल्यांत गोळ्या उरतात, त्या परत विकता येत नाहीत. नियमाप्रमाणे त्या नष्ट करायच्या, पण पर्समधून घरी नेल्या तर साहेब खिडकीबाहेर बघत. त्यामुळे घरातल्या फडताळात गुडघ्यांची, डोळ्यांची, झोपेची अशा सगळ्या बाटल्या रांगेने उभ्या असत. शेजारपाजारच्या बायका तिला अर्धी डॉक्टरीण म्हणत. गोळी चांगली आहे का, असं कोणी विचारलं की धाकटी म्हणे, ‘मी स्वतः पास केलीय.’ खोटं काहीच नव्हतं त्यात. समोरची बाई निर्धास्त होऊन जायची आणि धाकटीही तिला तशीच जाऊ द्यायची.

थोरली जाऊ घरीच शिवणकाम करायची. तिला थायरॉइड कमी पडण्याचा त्रास जुना. सकाळी उपाशीपोटी त्यासाठी एक बारीक गोळी घ्यायची आणि मशीनवर बसायची, ते गाणं गुणगुणतच. एवढ्यात तिचे केस फणीत जास्त येऊ लागले होते. धाकटीने तिला बायोटिनची बाटली आणून दिली. बायोटिन हे केसांसाठी म्हणून विकलं जाणारं जीवनसत्त्व, आणि या गोळीत ते रोजच्या गरजेच्या कितीतरी पट होतं. जास्त आहे म्हणजे चांगलंच, असं धाकटीनेच तिला सांगितलं.

महिन्याभराने थोरली तिच्याकडे पाठ करून उभी राहिली. ‘वेणी धरून बघ. जाड झाली ना?’

धाकटीने धरून बघितली आणि ‘झाली’ म्हणाली. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पाळण्याशेजारी उभी राहून तिने हे सगळ्यांना सांगितलं.

पुढे थोरलीची नेहमीची रक्ततपासणी आली. रिपोर्टात थायरॉइड गरजेपेक्षा जास्त दिसलं, म्हणून डॉक्टरांनी तिची बारीक गोळी कमी केली. दुसरं काही औषध घेता का, असं त्यांनी विचारलं होतं. थोरली नाही म्हणाली. तिच्या लेखी ते औषध नव्हतंच. घरच्या बाईने आणलेली गोळी, तिला औषध कोण म्हणतं?

त्यानंतर थोरली हळूहळू मंदावत गेली. दुपारी शाल घेऊन बसू लागली. चेहरा सुजट दिसायचा, आवाज घोगरा झाला. गुणगुणणं कधी थांबलं ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. एकदा तिने डावी बाही उजवीकडे शिवली आणि उसवता उसवता मशीनवरच डोकं टेकून झोपली. सासूबाई म्हणाल्या, आमच्या वेळी झोपायला रात्र होती. सगळे हसले. त्या हशात धाकटीने आपली भर घातली.

‘ताई, बसून बसून अंग जड होतं. जरा चालत जा की.’

थोरलीने मान हलवली. दुसऱ्या दिवशी ती खरंच चालायला गेली आणि अर्ध्या वाटेत एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. धाकटीच्या दिराने जाऊन तिला घरी आणलं. केस तर आता पूर्वीपेक्षा जास्त गळत होते. धाकटीने उपाय केला: एकाऐवजी दोन गोळ्या.

पुढची तपासणी झाली. रिपोर्टात थायरॉइड आणखी वर. या वेळी धाकटी मुद्दाम सोबत गेली, डॉक्टरांना आपण दोन शब्द नीट विचारू म्हणून. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, मग थोरलीकडे बघितलं, मग पुन्हा कागदाकडे.

‘या रिपोर्टातली बाई घरभर पळत असायला हवी,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही तर खुर्चीत पेंगताय. आणखी काय घेता? औषध नसलं तरी सांगा. चूर्ण, टॉनिक, काहीही.’

धाकटीला तेव्हा कळलं. प्रशिक्षणात कधीतरी ऐकलेलं एक वाक्य आठवलं: बायोटिन जास्त असेल तर रक्त तपासणारी काही यंत्रं फसतात, थायरॉइड असतं त्याहून जास्त दाखवतात. परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, मग विसरली होती. बोलायला हवं होतं. तिने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

तेवढ्यात थोरलीने स्वतःच्या पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. तिच्या घोगऱ्या आवाजात कौतुक होतं. ‘ही एवढीच. आमच्या हिच्या कारखान्यातली आहे. हिने स्वतः तपासलीय, म्हणून काळजी नाही.’

डॉक्टरीणबाईंनी बाटली फिरवून बारीक अक्षरं वाचली आणि धाकटीला विचारलं, ‘तुम्ही नक्की काय तपासता?’

‘विरघळते का. आणि आत किती आहे.’

‘बरं,’ एवढंच त्या म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर धाकटीला बरं वाटलं असतं. गोळी थांबवा, काही दिवसांनी पुन्हा रक्त द्या, असं त्यांनी सांगितलं. थायरॉइड कमी पडलं तरी केस गळतात, हेही सांगितलं. म्हणजे गळणाऱ्या केसांसाठी दिलेल्या गोळीने रिपोर्ट बिघडवला, रिपोर्टाने खरं औषध कमी केलं, आणि त्यामुळे केस आणखी गळले. हे धाकटीने रिक्षात मनाशी जुळवलं. शेजारी थोरली तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. धाकटी घर येईपर्यंत हलली नाही.

नवा रिपोर्ट आला तेव्हा थायरॉइड फारच खाली होतं. बारीक गोळी पूर्ववत झाली. धाकटीने जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं, की ताईंचं अंग बसून जड झालं नव्हतं, माझ्यामुळे झालं होतं. सासूबाई म्हणाल्या, अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच. या वेळी कोणी हसलं नाही. थोरलीने धाकटीच्या ताटात वाढता वाढता म्हटलं, ‘जेव गं. मुद्दाम केलंस का तू?’

फडताळ आता रिकामं आहे. शेजारणी विचारतात तेव्हा धाकटी सांगते, की मी फक्त गोळीत काय आहे ते बघते, ती घेऊन काय होतं ते नाही, डॉक्टरांना विचारा. बायका जरा हिरमुसतात. दुपारच्या सुट्टीत ती केसांच्या गोळ्यांवरचे अभ्यास शोधून वाचते. ज्यांना बायोटिनची मुळात कमतरता नाही, त्यांचे केस याने दाट होतात याचा धड पुरावा तिला अजून मिळालेला नाही. अभ्यास थोडे, माणसं मोजकी, आणि कित्येकांत गोळी न घेणाऱ्यांशी तुलनाच नाही. प्रत्येक वेळी वाचताना तिला ती वेणी आठवते. आपल्या मुठीत धरलेली.

थोरली आता पुन्हा मशीनवर गुणगुणते. परवा धाकटी तिच्याजवळ जाऊन बसली, चिंध्या गोळा करू लागली आणि शेवटी म्हणाली, ‘ताई, एक विचारू? पहिल्या महिन्यात वेणी खरंच जाड झाली होती?’

थोरलीने दोऱ्याचं टोक मशीनच्या सुईशी नेलं. ‘एवढा दोरा ओवून दे गं. मला दिसत नाही.’

धाकटीने दोरा ओवून दिला. मशीन सुरू झालं. तिने स्वतः वेणी धरून बघितली होती, आणि आता तिचा स्वतःच्या हातावरही भरवसा नाही. काही झालं होतं का तेव्हा? की आपण एवढ्या हौसेने आणलेल्या गोळीचा मान राखायला ताई तसं म्हणाल्या?