मागच्या दारचा नळ

वृंदाकाकू परचुरे लग्न होऊन कलकत्त्याला आल्या, तेव्हा त्यांनी पहिला नमस्कार केला तो कालीमातेला नव्हे, रस्ता धुण्याच्या नळाला. बालीगंजमधल्या त्यांच्या घराच्या कोपऱ्यावर एक बुटका लोखंडी नळ होता. सकाळी भिश्ती त्यावर पखाल भरायचा आणि रस्ता धुऊन काढायचा. टांग्यातून उतरताना दिगंबररावांनी आपली हुशारी दाखवायला म्हणून सांगितलं, "यातून गंगेचं पाणी येतं बरं का." झालं! वाईची ती मुलगी, कृष्णेच्या घाटावर वाढलेली. तिनं भर रस्त्यात चपला काढल्या, वाकून पाणी डोळ्यांना लावलं आणि पदराचं टोक धरून नळाला नमस्कार केला. भिश्ती तोंडात बोट घालून बघत राहिला.

दिगंबरराव लाजून चूर झाले. "अगं, हे नदीतून तसंच उचललेलं पाणी. रस्ते धुवायचं, मोऱ्या धुवायचं. प्यायचं गाळलेलं पाणी निराळं, ते आपल्या घरातल्या नळाला येतं."

"गंगेला काय गाळायचं?" काकूंनी विचारलं.

दिगंबरराव खिदिरपूरच्या गोदीवर कस्टम्समध्ये होते, भल्याभल्यांच्या पेट्या उघडून घाम फोडायचे. पण या प्रश्नावर ते टांगेवाल्याला पैसे मोजू लागले. काकूंनीही आपलं मत पुढे कधी बदललं नाही. पिण्यासाठी त्या घरातल्या नळाचं पाणी भरत, पण ते नवऱ्याच्या समाधानासाठी. त्यांच्या देवघरात आईनं दिलेला तांब्याचा गडू होता, तोंड झाळून कायमचं बंद केलेला. काशीहून आणलेली गंगा. शेवटच्या घटकेला तोंडात घालायची. इतकी वर्षं बंद गडूत राहून जे नासत नाही, ते कोपऱ्यावरच्या नळात कसं नासेल, हा त्यांचा सरळ हिशेब होता. शेजारच्या बंगाली बायका त्या नळाचं पाणी पूजेला नेत, पीत मात्र नसत. काकूंना वाटे, यांना घरची गंगा म्हणून किंमत नाही.

परचुऱ्यांचं बिऱ्हाड घोषालबाबूंच्या घरात तळमजल्यावर. मागे फरसबंदी अंगण, पाणी साठवायचा सिमेंटचा हौद, आणि मागच्या दाराला लागून एक नळ. एकुलती मुलगी नागपूरला दिलेली. पन्नास सालानंतर रेल्वेच्या रुळांपलीकडे निर्वासितांच्या झोपड्या उठल्या आणि पाण्यासाठी वणवण करणारी माणसं बालीगंजच्या गल्ल्यांतून फिरू लागली. एके दिवशी काकूंनी मागचं दार उघडलं आणि ते उघडंच ठेवलं. कुणाला विचारलं नाही. तहानलेल्याला पाणी द्यायला कुणाला विचारायचं असतं होय?

त्या माणसांतच शेफाली होती. नऊ-दहा वर्षांची, पूर्व बंगालातल्या बारीसालकडची. बाप वाटेतच गेलेला, आई लोकांच्या घरी भांडी घासायची. पोरगी पत्र्याची बालदी घेऊन यायची आणि बालदी भरेपर्यंत तोंडाचा पट्टा चालू. काकूंचं बंगाली मोडकंतोडकं, पण शेफालीला त्याचं काही नव्हतं. ती त्यांना माशीमा म्हणायची. माशीमा म्हणजे मावशीच. काकू तिला लाडू द्यायच्या, केस विंचरून द्यायच्या. एकदा तिनं देवघरातल्या गडूकडे बोट दाखवून विचारलं, "यात काय आहे?"

"गंगा."

पोरगी खो खो हसली. "गंगा तर रस्त्यावर आहे!"

"तीच ती," काकू म्हणाल्या. "पण ही माझ्यासाठी ठेवलेली. मी मरेन ना, तेव्हा तोंडात घालायला."

शेफालीनं बालदी खाली ठेवली. म्हणाली, "तुम्ही मरू नका माशीमा. पाणी कोण देईल?" काकूंनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि हसता हसता डोळे पुसले.

पुढे दोन-तीन वर्षांनी गावात ते मीटरचं खूळ निघालं. घरोघरच्या नळांना मीटर बसणार, जितकं पाणी वापराल तितके पैसे मोजा, अशी चर्चा वर्तमानपत्रांतून आणि चहाच्या दुकानांतून सुरू झाली. गल्लीतल्या मैदानावर सभा भरली. एक इंजिनिअर उठून म्हणाले, काही घरांतले नळ दिवसभर वाहतात आणि वस्तीच्या टोकाला थेंब पोचत नाही. मोजल्याशिवाय वाटणी कशी होणार? बोलणं काही खोटं नव्हतं. पण सभा त्यांच्या बाजूची नव्हती. मग दिगंबरराव उठले. बंगाली बेताचं, पण आवाज खणखणीत. म्हणाले, आमच्या देशी उन्हाळ्यात वाटेवर पाणपोई घालतात, रांजण भरून ठेवतात, पिणाऱ्याला जात विचारत नाहीत की गाव विचारत नाहीत. पाणी देवानं दिलं, त्याला मीटर लावणारे तुम्ही कोण? टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकांच्या बाजूला बसलेल्या काकूंचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचा असा अभिमान त्यांना फार थोड्या वेळा वाटला होता.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! त्याच आठवड्यात गल्लीत कुणीतरी वावडी उडवली, की मीटर बसवण्याआधी साहेब लोक गुपचूप घरोघर पाहून जाणार आहेत, आणि जिथे बाहेरचे लोक पाणी भरताना दिसतील तिथे जबर आकार बसवणार आहेत. वावडीला पुरावा लागत नाही. घोषालबाबू जिना उतरून आले आणि हात जोडून म्हणाले, "परचुरेबाबू, तो भुर्दंड मग तुमच्यावर येईल, माझ्यावर नाही." दिगंबररावांनी संध्याकाळी येताना कुलूप आणलं आणि मागच्या दाराला ठोकलं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, दुसरं काय!

"अहो, परवाच तर पाणपोईचं बोललात," काकू म्हणाल्या.

"भाषण निराळं, संसार निराळा," दिगंबरराव म्हणाले आणि जेवायला बसले.

काकू भांडू शकल्या असत्या. त्या काही मुकाट सोसणाऱ्या बायकांतल्या नव्हत्या; जावयाचं स्थळ त्यांनी नवऱ्याशी भांडूनच ठरवलं होतं. पण या वेळी भांडल्या नाहीत, कारण त्यांना वाटलं, आहे की दुसरी सोय. कोपऱ्यावर दिवसभर वाहणारी. त्या विचारानं त्यांचा जीव हलका झाला, आणि तिथेच त्या चुकल्या.

सकाळी शेफाली आली. कडी वाजवली. काकूंनी फटीतून तिला सांगितलं, "आता इथे नाही भरायचं गं बाळे."

"का माशीमा? माझं काय चुकलं?"

"तुझं नाही काही. कोपऱ्यावरच्या नळाचं ने."

"आई म्हणते ते प्यायचं नसतं. पिण्याचा नळ स्टेशनच्या पलीकडे आहे, तिथे मोठी माणसं मला रांगेत उभं राहू देत नाहीत."

"अगं, गंगेचं पाणी ते. गंगेनं कधी कुणाचं वाईट केलंय? आईला सांग, माशीमानं सांगितलंय म्हणून."

फटीतून त्यांनी तिला लाडू दिला. पोरगी रिकामी बालदी वाजवत गेली.

त्यानंतर रोज खिडकीतून ती काकूंना दिसायची. भिश्त्याच्या पखालीशेजारी बालदी लावून उभी. हात हलवायची. काकूही हात हलवायच्या आणि मनाशी म्हणायच्या, झालं ना सगळं व्यवस्थित. मग एके दिवशी ती दिसली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मासेवाली म्हणाली, रुळांपलीकडे पटकीची, कॉलऱ्याची साथ आली आहे.

काकू तशाच निघाल्या, पायांत चपला आहेत की नाहीत याचंही भान नव्हतं. झोपडीत शेफाली चटईवर पडली होती. डोळे खोल गेलेले, हातांची कातडी सुरकुतून म्हातारीसारखी झालेली. तिला ओळख पटली की नाही कोण जाणे. डॉक्टर येऊन गेले होते, सुई देऊन गेले होते. हॉस्पिटलात जागा बघायला गेलेला माणूस अजून परतला नव्हता. आई उशाशी बसून होती. ती रडतही नव्हती.

"मी तिला नको म्हणत होते हो दीदी," ती म्हणाली. "पण ऐकेचना. म्हणाली, माशीमानं सांगितलंय, माशीमा खोटं सांगणार नाही. मला म्हणाली, तू कामावर दमतेस, तू कामाच्या घरी मिळतं ते पी, हे मी पिते."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. शिव्या घातल्या असत्या, अंगावर धावून आली असती, तर काकूंना ते बरं वाटलं असतं. त्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. पोरीच्या हाताला हात लावायचा त्यांना धीर होईना.

मग आईनं मान वर केली. "दीदी, ती म्हणायची, तुमच्या देवाजवळ काशीची गंगा आहे. थोडी द्याल? तिच्या तोंडात घालू. आमच्याकडे तर आता काहीच नाही."

काय बोलणार? 'या गंगेनंच तुझी पोर मारली' म्हणणार? की 'मीच मारली' म्हणणार? घरी येऊन काकूंनी गडू पाट्यावर ठेवला आणि वरवंट्यानं त्याचं तोंड फोडलं. एका घावात फुटलं नाही. स्वतःच्या मरणासाठी ठेवलेलं ते पाणी पदराखाली झाकून त्या परत गेल्या. तुळशीचं पान बुडवून त्यांनी शेफालीच्या ओठांत थेंब सोडला. अर्धं पाणी हनुवटीवरून ओघळलं. आईनं ते आपल्या पदरानं टिपलं आणि काकूंच्या पायांना हात लावला. तो हात काकूंना जन्मभर पायांवर जाणवत राहिला.

हॉस्पिटलात जागा मिळाली, पण तिला न्यायला आलेल्या माणसांना रिकाम्या हातांनी परत जावं लागलं.

मीटर आलं नाही. कुणी साहेब पाहायला आला नाही. पावसाळ्याआधीच लोक ती चर्चा विसरले आणि दुसऱ्या कशावर तरी भांडू लागले. शेफालीच्या दहाव्या दिवशीच काकूंनी मागच्या दाराचं कुलूप बत्त्यानं तोडलं. दिगंबररावांनी वाकून कुलपाचे तुकडे गोळा केले. त्यानंतर ते कुठल्या सभेत उठल्याचंही कुणी ऐकलं नाही. दार पुन्हा उघडं राहिलं, माणसं पुन्हा येऊ लागली. शेफालीची आई मात्र आली नाही. वाटेत भेटली की हात जोडायची. काकूंना त्या जोडलेल्या हातांपुढून निघून जाववत नसे, आणि उभंही राहवत नसे. कोपऱ्यावरच्या नळाकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. बाजारात जायला लांबचा रस्ता धरू लागल्या. देवघरात फुटका गडू तसाच होता.

अठ्ठावन्न साली काकू अंथरुणाला खिळल्या. एका सकाळी डॉक्टरांनी मान हलवली. नागपूरची मुलगी अजून गाडीत होती. दिगंबररावांनी शेजाऱ्याकडून घाटावरची गंगा आणवली होती. चमचा ओठांशी नेला. "गंगा आहे गं." काकूंनी ओठ घट्ट मिटले. दिगंबररावांना वाटलं, बरोबर आहे हिचं. आत जाऊन त्यांनी माठातलं पाणी आणलं. काकूंनी तेही घेतलं नाही. ओठ नुसते सुकून गेले होते.

"पोर उभी आहे," त्या म्हणाल्या. "मागे. आधी तिची बालदी भरा."

"भरली हो, भरली," दिगंबरराव घाईनं म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं नाही. मागच्या दाराकडे कान लावून पडून राहिल्या.

दिगंबरराव उठले. म्हातारा माणूस, भिंत धरत अंगणात गेला. बालदी नळाखाली ठेवली आणि नळ पूर्ण सोडला. पत्र्यावर पाण्याचा आवाज झाला. बालदी भरली, भरून वाहू लागली, पाणी उंबऱ्यावरून गल्लीत गेलं, तरी त्यांनी नळ बंद केला नाही. दाराबाहेर कुणीही नव्हतं. ते रडत उभे राहिले. मग ओंजळीत तेच पाणी घेऊन आत आले.

"ऐकलंस ना?" त्यांनी विचारलं.

काकूंनी तोंड उघडलं.