मांडीवरची किटली

आमच्या घरात साय चोरली जाते, असं अण्णांना वाटायचं. अण्णा म्हणजे माझे वडील, आणि त्यांच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते काढायची कुणाची टाप नव्हती. साल दुष्काळाचं. दादा ऊसतोडीला गेलेला, जनावरं छावणीत, दारात एकच दुभती म्हैस. तिचं दूध मी घोडीवरून खालच्या गावच्या दूध सोसायटीत न्यायचे. किटली जेमतेम अर्धी भरायची. ती मांडीवर धरायची आणि घोडी दुडक्या चालीनं काढायची, कारण ऊन चढलं की दूध नासायचं.

सोसायटीत रोज फॅट कमी लागायचं. "साय घरीच ठिवता का गं?" सेक्रेटरी हसून विचारायचा. एक दिवस म्हणाला, "असंच ऱ्हायलं तर तुमचं दूध घ्यायचं न्हाई." घरी पाण्याची बोंब, म्हणून किटली तिथंच गरम पाण्यानं धुऊन मिळायची. मला तर त्याचाच संशय यायचा. मेला धुवायच्या निमित्तानं काहीतरी करत असणार.

अण्णांना संशय वहिनीचा. ती नवी, परळीकडून आलेली. ती चुलीपाशी बसली तरी हे तिच्या हातांकडं बघायचे. पुढं स्वतःच धार काढायला लागले, झाकणावर फडक्याची पट्टी बांधून आपल्या हातची गाठ मारायला लागले. तरी फॅट कमीच. "पोरगा आला की हिला माहेरी धाडतो," मला ऐकवून म्हणाले. वहिनीनंही ते ऐकलं होतं.

मग एकदा तांबडं फुटायच्या आत अण्णा घोडीचा दोर धरून माझ्याबरोबर पायी आले. घोडी सावकाश चालली आणि फॅट बरोबर लागलं. झालं, आता चोर मी! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी एकटीच निघाले ती गुडघे आवळून, दात आवळून. जितकी आवळायचे तितकी उडायचे. सोसायटीत बघते तर दुधाचा टेंपोच आला नव्हता, त्यामुळं घेणं बंद. किटली तशीच घरी आणली. अण्णांनी आपली गाठ उलटसुलट तपासून सोडली. झाकणाला आतून पांढरे कण चिकटले होते. वहिनीनं त्यावरून बोट फिरवलं.

"मामा, हे लोणी हाय," ती सासऱ्याला म्हणाली. "किटली अर्धी, अन् ताई घोडीवर आपटतात. वाटंनं घुसळूनच नेतात की."

दुपारी अण्णा छावणीतून आले, घोडीचं खोगीर काढलं आणि मला उघड्या पाठीवर बसवून मांडीवर पाण्याचा तांब्या दिला.

"सांडलं तेवढं तुझ्या वाट्याचं," म्हणाले. "मांड आवळून बसत न्हाई, सोडून बसती. गुडघे ढिले सोड. टाचा खाली. तिची पाठ उचलती तशी कंबर जाऊ दे. अन् खाली कशाला बघतीस? तिच्या कानांमधून म्होरं बघ."

कितीतरी दुपारी मी तहानलेली राहिले. राग धरून घोडीवर बसता येत नाही, अंग दगड होतं, हे मला तिथं कळलं. मग एके दिवशी दुडक्या चालीतही तांब्या गप्प राहिला, आणि सोसायटीत फॅट बरोबर लागलं.

दुसऱ्या सकाळी अण्णांनी चरवी वहिनीपुढं ठेवली. "तू काढ धार," एवढंच म्हणाले. चुकलं म्हणणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. वहिनीनं धार काढली, दूध किटलीत ओतलं, झाकण लावलं आणि आत जाऊन ती फडक्याची पट्टी आणली. अण्णांच्या हातात दिली.

"बांधा, मामा," ती म्हणाली. "उद्या परत कमी लागलं तर मी कुठं जाऊ?"

मी घोडीवर बसून वाट बघत होते. ऊन चढत होतं, आणि अण्णांना गाठ मारता येत नव्हती.